'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' की 'मीटिंग यू'? एवढ्याशा 'इंग'साठी अडून बसावं का?

उंबरठा (धागा सुरू करणारी)

गेल्या आठवड्यात भाच्याने नोकरीचा अर्ज पाठवायच्या आधी मला बघायला दिला. साताऱ्याकडच्या गावात मराठी माध्यमात शिकलेला, आता मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, अर्ज खरंच मुद्देसूद लिहिला होता, कुठे फुगवलेलं काही नाही. फक्त शेवटची ओळ होती 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. मी 'मीट'चं 'मीटिंग' केलं आणि परत पाठवला. तर त्याचा फोन, की मावशी, 'टू'च्या पुढे क्रियापदाचं पहिलं रूप येतं हे आमच्याकडून शाळेत पाठ करून घेतलंय, टू गो, टू ईट, टू मीट, मग इथेच 'इंग' कुठून आलं? आणि मी काय म्हणाले, अरे ते तसंच असतं, लिही गुपचूप.

फोन ठेवल्यावर फार चुटपुट लागली. पंधरा वर्षं मी पुण्यात ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहितेय, नवीन मुलांची तपासतेय, ही चूक रोज दुरुस्त करते आणि कारण एकालाही कधी सांगितलेलं नाही. मग बसून नीट विचार केला. इंग्रजीत दिसायला सारखे पण काम वेगळं असलेले दोन 'टू' आहेत. एक क्रियापदाला चिकटतो, 'आय वॉन्ट टू मीट यू', तिथे पहिलं रूपच बरोबर. दुसरा आपल्या 'कडे'सारखा आहे, त्याच्यापुढे नाम लागतं. 'लुक फॉरवर्ड टू' मधला हा दुसरा. लुक फॉरवर्ड टू द मीटिंग, टू युवर रिप्लाय, टू दिवाळी. आणि नामाच्या जागी क्रियापद बसवायचं असेल तर त्याला 'इंग' लावून आधी नाम करून घ्यावं लागतं.

आता माझं मत. ही चूक लिहिताना दुरुस्त केलीच पाहिजे, 'समजतंय ना' म्हणून सोडून देऊ नये. बोलताना चुकलं तर पुढच्या वाक्यात सावरता येतं, चेहरा असतो, आवाज असतो. अर्ज एकटाच जातो, त्याच्याबरोबर आपण जात नाही, आणि ही ओळ नेमकी शेवटी येते म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर शेवटी तीच राहते. पण दुरुस्त करताना कारण सांगा, आणि ते मराठीत सांगा, कारण चूक मराठीतूनच आलीय. आपण मनात 'भेटायला उत्सुक आहे' म्हणतो आणि 'भेटायला'चं 'टू मीट' करून टाकतो. त्याऐवजी मनात 'भेटण्याची वाट बघतोय' म्हणा, 'भेटणं' हे नाम झालं, 'इंग' आपोआप येतं. कुणाला पटत नसेल तर जरूर बोला.

द्राक्षबाग

मला नाही पटत ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मी नाशिक जिल्ह्यातला, द्राक्ष एक्स्पोर्टला देतो, जानेवारी ते एप्रिल आमचे कंटेनर रॉटरडॅमला जातात आणि मेल मीच लिहितो, बारावी नापास माणूस. समोरचा डच आहे, त्याचंही इंग्रजी काही घरचं नाही, तो पण काहीबाही लिहितो, आणि इतक्या सीझनमध्ये एकदाही असं झालं नाही की 'इंग' नव्हतं म्हणून माल अडला. माल अडतो तो रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या रिपोर्टवर, मण्याच्या साइजवर, कोल्ड चेन तुटली तर. आकडा चुकला, तारीख चुकली, तर मी रात्रभर झोपत नाही. पण भेटायला म्हणा नाहीतर भेटण्याला म्हणा, भेट झाली की संपलं. तुमच्या भाच्याचा अर्ज कुणी त्या एका अक्षरासाठी बाजूला ठेवत असेल तर चूक त्या साहेबाची आहे, पोराची नाही. आपण आपल्याच पोरांच्या मनात भीती भरून ठेवतो आणि मग ती मेल लिहायलाच घाबरतात, हे मी माझ्या पुतण्यात बघितलंय.

गिरणाकाठ

मी जळगाव जिल्ह्यात इंग्रजी शिकवतो, मराठी शाळेत. उंबरठाताई, कारण सांगा हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण 'ण्याची'वाली युक्ती वर्गात टिकत नाही, मी करून बघितलीय. मुलं लगेच विचारतात, सर, 'मी येण्यास तयार आहे' यातही 'ण्या' आहे, मग 'आय ॲम रेडी टू कमिंग' का नाही? आणि त्यांचं बरोबर असतं. मराठीत 'ण्या' दोन्हीकडे येतं.

मी काय करतो सांगतो. फळ्यावर फक्त मराठीत रोज वापरतो ते शब्द लिहायला लावतो ज्यांच्या शेवटी 'इंग' आहे. मुलं ओरडायला लागतात, पार्किंग, बुकिंग, वायरिंग, वेल्डिंग, फिटिंग, बाइंडिंग, कोचिंग, शॉपिंग, शेतावरची बोरिंग, बांधकामावरचं सेंट्रिंग, ट्रेनिंग, मीटिंग. दहा मिनिटांत फळा भरतो. मग विचारतो, यातली नामं किती? सगळी. आपण म्हणतो 'वेल्डिंग झालं', 'पार्किंग कुठंय', 'बोरिंगला पाणी लागलं'. म्हणजे 'इंग' लावलं की कामाचं नाव तयार होतं हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं, फक्त पुस्तकातल्या इंग्रजीशी त्याचा संबंध कुणी लावून दिलेला नसतो. अशा 'इंग'वाल्या नामाला पुस्तकात जेरंड म्हणतात, खेड्यातल्या पोराला जेरंड म्हटलं की त्याचे डोळे विझतात, वेल्डिंग म्हटलं की उजळतात.

आणि दुसरी परीक्षा. 'टू'च्या पुढे क्रियापद टाकायच्या आधी तिथे 'पाऊस' ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द रेन', बसतंय? बसतंय. मग तिथे नामाची जागा आहे, क्रियापद आलं तर 'इंग' लावूनच येणार. 'आय वॉन्ट टू द रेन', बसत नाही. मग पहिलं रूप. आपल्याकडे वाटही 'ची' लावूनच बघतात ना, पावसाची वाट, पोराची वाट, भेटीची वाट. ती जागा नामाचीच.

जुनी_पाने

भाषाशास्त्र शिकलोय म्हणून थोडं विरुद्ध बाजूने. तुम्ही दोघं 'दोन टू' हे असं सांगताय जणू ते कायमचेच वेगळे आहेत. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या आधी 'टू' आलं की क्रियापदाला नामासारखा विभक्तीचा प्रत्यय लागायचा. म्हणजे आज जो 'टू' क्रियापदाला चिकटलेला दिसतो तोही मुळात 'कडे'वालाच. प्रत्यय झडून गेले, म्हणून आता दोन वाटतात. दुसरं, 'अकस्टम्ड टू' बघा. आज आपण 'अकस्टम्ड टू डूइंग' बरोबर समजतो. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले उत्तम इंग्रज लेखक सर्रास 'अकस्टम्ड टू डू' लिहायचे आणि ती अजिबात चूक नव्हती. रूप पुढे विसाव्या शतकात पालटत गेलं. म्हणजे नेमक्या याच ठिकाणी नियम इकडचा तिकडे सरकलाय, आणि सरकवला लिहिणाऱ्यांनीच.

मग साताऱ्याच्या मुलाने केलं की ती चूक आणि इंग्रजाने केलं की तो भाषेचा प्रवास, हे मला मान्य नाही. 'डू द नीडफुल'ची गोष्ट तीच. इंग्लंडात पूर्वी चालायचं, तिकडे मागे पडलं, आपल्या ऑफिसात राहिलं, आणि आता आपल्यालाच सांगतात की हे काय लिहिता. का नाही लिहायचं? सरकारी पत्रात 'माहितीस्तव व आवश्यक कार्यवाहीस्तव' लिहितात, तेवढंच नेमकं काम ते इंग्रजीत करतं. 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे घेणं, हा शब्द आपण वापरत राहिलो आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत तो आला. ज्यांनी वापरला त्यांनी परवानगी मागितली नव्हती.

उंबरठा

गिरणाकाठ सर, पाऊस ठेवायची युक्ती मी आजच वापरायला घेतली, 'ण्याची'चा आग्रह सोडला, तुमच्या मुलांचा प्रश्न बिनतोड आहे.

जुनी_पाने, तुमची माहिती मला नवीन होती आणि आवडली, पण त्यातून तुम्ही काढताय तो निष्कर्ष मान्य नाही. 'डू द नीडफुल' आणि 'प्रीपोन' यांच्याबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे, मी स्वतः 'प्रीपोन' लिहिते, कारण एवढ्या नेमक्या अर्थाचा दुसरा सुटसुटीत शब्दच नाही. तिथे आपण भाषेत भर घातलीय. 'टू मीट यू' मध्ये आपण काय भर घातली? काही नाही, तिथे नुसती गफलत झालीय, आणि ज्याच्याकडून झाली त्याला ती झाल्याचं माहीतही नाही. मुद्दाम निवडलेलं रूप आणि नकळत झालेलं रूप यात फरक करायला हवा की नको? माझ्या भाच्याने सगळं कळून 'मीट' ठेवलं असतं तर मी एक अक्षर बोलले नसते. त्याने मला कारण विचारलं होतं. त्याला कळून घ्यायचं होतं.

दूरदेशी

स्टुटगार्टहून लिहितेय, इथे येऊन नऊ वर्षं झाली. एक गंमत सांगते, ही चूक आपलीच नाही, माझे जर्मन सहकारी अगदी हीच चूक करतात, 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' असे मेल मला आठवड्यात दोन-तीन तरी येतात, भल्याभल्या इंजिनिअरांचे. कारण जर्मनमध्ये 'भेटून आनंद होतोय' म्हणताना क्रियापदाच्या आधी 'त्सू' येतो, म्हणजे त्यांचा 'टू', आणि पुढे क्रियापद साध्या रूपात. त्यांनी पण आमच्यासारखंच आपल्या भाषेतून उचलून ठेवलं. आणि नाम असेल तर जर्मनमध्ये वेगळाच शब्द आहे, 'आउफ', तिथे गोंधळच होत नाही. म्हणजे एकच 'टू' दोन्हीकडे वापरून घोटाळा इंग्रजीने करून ठेवलाय.

पण फरक काय आहे ते सांगू का. जर्मन माणसाची चूक दिसली की इथे कुणी त्याच्या शाळेबद्दल शंका घेत नाही. मी सुरुवातीला प्रत्येक मेल तीनदा वाचायचे, पाठवा बटणावर बोट ठेवून बसायचे, आणि बाजूचा माणूस धडाधड चुका करत निघून जायचा. तो बिनधास्तपणा त्याला कुठून आला याचा मी अजून विचार करते. मत विचाराल तर द्राक्षबाग दादांकडे जास्त झुकतं माझं.

पाणंद

दूरदेशी ताईंनी नस पकडली. हा सगळा वाद व्याकरणाचा नाहीच हो. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 साली राज्यात पहिलीपासून आलं, तोवर आम्ही कॉलेजात पोचलो होतो. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शहरातल्या कॉलेजात मी सुट्टीचा अर्ज लिहिला, त्यात अशीच काहीतरी चूक होती, आणि सरांनी तो भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. साठ पोरं हसली. मी त्यानंतर तीन वर्षात एकही अर्ज लिहिला नाही, आजारी असलो तरी वर्गात जाऊन बसायचो. वीस वर्षं झाली, त्या अर्जाचा कागद कसा घडी घातलेला होता ते पण आठवतं. त्यामुळे कुणी 'दुरुस्त केलंच पाहिजे' म्हटलं की पोटात गोळा येतो. उंबरठाताई, तुम्ही प्रेमाने करता हे दिसतंय, पण दुरुस्त करणारे सगळे मावशी नसतात.

गिरणाकाठ

पाणंद दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही. त्या सरांनी जे केलं ते शिकवणं नव्हे. पण मी म्हणतो, त्यांनी तुम्हाला कोपऱ्यात घेऊन दोन मिनिटं दिली असती तर? आपण दुरुस्तीच टाकून दिली तर शहरातल्या पोराला घरातून फुकट मिळतं ते आपल्या पोराला कुठूनच मिळणार नाही. त्याला आईवडील सांगतात, आपल्याला कोण सांगणार? म्हणून मी वही कधी वर्गात वाचत नाही आणि लाल पेनही वापरत नाही, पण चूक सोडतही नाही. न सांगणं हा पण अन्यायच आहे, फक्त तो आवाज करत नाही.

तिसरी_घंटा

भावनेचं सगळं खरं पण जिथे मार्क कापतात तिथलं बोलू जरा. मी आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेतो. तिच्या जनरल ट्रेनिंग या प्रकारात रायटिंगमध्ये पहिलाच प्रश्न पत्राचा असतो, किमान 150 शब्द, साधारण 20 मिनिटं त्याला द्यायची. चार निकषांवर सारखं वजन, त्यातला एक व्याकरणाचा. पत्राचा शेवट बहुतेक मुलं याच वाक्याने करतात आणि बहुतेक चुकवतात. एका 'इंग'ने बँड, म्हणजे गुणांची पातळी, पडत नाही हे खरं, पण हे पाठ करून टाकलेलं वाक्य असतं, आणि पाठ केलेलंच चुकीचं असेल तर कसं चालेल.

चुकीच्या तऱ्हा बघा. 'लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय', इथे 'फॉर' चुकलं, ते 'वेटिंग फॉर'वरून घसरत येतं. 'लुकिंग फॉरवर्ड युवर रिप्लाय', 'टू'च गायब. 'आय लुकिंग फॉरवर्ड', मधलं 'ॲम' गेलं. काही जण फॉरवर्डचं स्पेलिंग पुस्तकाच्या प्रस्तावनेला जो शब्द आहे त्याचं करतात. आणि बरोबर असून न जुळणारी एक तऱ्हा, 'आय लुक फॉरवर्ड' जरा औपचारिक, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड' जवळिकीचं. कलेक्टर ऑफिसला पहिलं, मित्राला दुसरं. आणि नुसतं 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' कर्त्याशिवाय मेलला चालतं, परीक्षेच्या औपचारिक पत्रात पूर्ण वाक्यच लिहा.

हिरवा_चाफा

सगळे 'इंग'वर बोलताय, मला दुसरंच सांगायचंय. बाबा गेले तेव्हा विम्याच्या कंपनीला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात जे शेवटचं वाक्य हाताला बसलंय तेच लिहून मोकळी झाले, की क्लेम सेटल होण्याकडे लुकिंग फॉरवर्ड. व्याकरण अगदी बरोबर होतं, सेटलमेंट नाम आहे, 'टू' नीट आहे. पत्र गेलं. रात्री कॉपी फाइलला लावताना परत वाचलं आणि अंगावर काटा आला. कारण या वाक्यात आनंद आहे. जे घडावं म्हणून मन पुढे धावतं, त्यासाठी ते वाक्य आहे. मी लिहिलं होतं की बाबांच्या मृत्यूचे पैसे यायची मी आनंदाने वाट बघतेय. त्या माणसाला काही वाटलं नसेल कदाचित, रोज अशी पन्नास येत असतील. पण मी ते लिहिलं होतं.

आपलं 'वाट बघणं' कसंही असतं, काळजीनं पण बघतात, रात्री उशीर झाला की आई वाट बघते ती काय आनंदानं? इंग्रजीत इथे तसं नाही. म्हणून मला वाटतं बरोबर-चूक शिकवताना हे आधी सांगा, की हे वाक्य कुठे लिहायचंच नाही. दुःखाच्या पत्रात, तक्रारीच्या पत्रात, राजीनाम्यात नको. तिथे सरळ लिहावं, कृपया या तारखेपर्यंत कळवा.

द्राक्षबाग

चाफा ताई, वाईट वाटलं वाचून. हे मात्र मला पटलं, असं कळलं पाहिजे. गेल्या वर्षी अवकाळीने बाग झोपली तेव्हा त्या डच माणसाला कळवायचं होतं की यंदा माल कमी येईल, आणि मेलच्या खाली मी नेहमीचंच वाक्य चिकटवलं असणार, आता शोधून बघतो. 'इंग'चं मात्र माझं मत तेच आहे, पोराला त्यावरून कुणी कमी लेखू नये. तरी विचारतो, सीझनच्या सुरुवातीला पहिला कंटेनर पाठवायचा असतो, आनंदाचंच काम आहे, तिथे काय लिहू?

तिसरी_घंटा

'वी लुक फॉरवर्ड टू सेंडिंग यू द फर्स्ट कंटेनर'. पाठवणारे तुम्ही म्हणून 'सेंडिंग'. तो माल घेणार हे म्हणायचं असेल तर वाक्यच बदलावं लागेल.

जुनी_पाने

मी माझ्या मतावर आहे, पण हिरवा_चाफा यांनी जे सांगितलं ते नियमाच्या पलीकडचं आहे, शब्दाचा जीव ओळखण्याचं. त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो फक्त एवढ्याला की नियम आजचा आहे हे न सांगता तो कायमचा म्हणून शिकवला जातो. वर्गात 'आज असं लिहितात' म्हणा, 'असंच असतं' नको. गिरणाकाठ सर, हे चालेल का?

गिरणाकाठ

'आज असं लिहितात' चालेल. उद्यापासून तसंच म्हणतो.

उंबरठा

वेल्डिंग-फिटिंगवाली यादी भाच्याला पाठवली, त्याच्याच धंद्यातले शब्द निघाले सगळे, त्याने स्वतःहून ग्राइंडिंग, मिलिंग, टर्निंग, कास्टिंग अशी भर घालून परत पाठवली. अर्ज 'मीटिंग यू' करून गेला. आणि आता नवीन प्रश्न आलाय. त्याला पुढच्या अर्जात लिहायचंय की मला रात्रपाळीची सवय आहे. 'आय यूज्ड टू वर्क' लिहू का 'आय ॲम यूज्ड टू वर्क'? सर, मी यावेळी 'तसंच असतं' म्हणणार नाही, म्हणून विचारतेय.

गिरणाकाठ

पाऊस ठेवा ताई. 'आय ॲम यूज्ड टू द रेन', मला पावसाची सवय आहे, बसलं. म्हणजे 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग नाइट शिफ्ट्स'. 'आय यूज्ड टू द रेन' बसत नाही, म्हणून तिथे 'यूज्ड टू वर्क', आणि त्याचा अर्थ पूर्वी करायचो, आता नाही. अर्जात ते गेलं तर रात्रपाळी सोडली असं वाचतील. त्याला म्हणावं हे मात्र पाठवायच्या आधी नक्की बघ.